अंगठ्याला कळलं पाहिजे

"कार्ड हाकि नोडि," दुकानदार म्हणाला. कार्ड घालून बघा. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रोडवर, एका दुकानाच्या काउंटरपाशी मी आणि भाची उभे होतो. घरून आणलेलं मेमरी कार्ड तिने काडेपेटीएवढ्या एका प्लेअरमध्ये सरकवलं. गाणं लागलं. मी म्हटलं, "आता डोळे मीट आणि आवाज कमी करून दाखव."

तिने डोळे मिटले, अंगठा फिरवला, दाबला. आवाज कमी व्हायच्या ऐवजी पुढचं गाणं लागलं. पुन्हा दाबला, पुन्हा पुढचं. मग दुसरा प्लेअर घेतला. त्याच्या मधल्या बटणाला बारीक वाटीसारखा खळगा होता आणि भोवती चार दिशांना उंचवटे. अंगठा खळग्यात टेकला की वर कुठे नि खाली कुठे, हे विचार न करता कळत होतं. दोन-तीन प्रयत्नांत तिने आवाज कमी केला, गाणं थांबवलं, परत लावलं. डोळे मिटलेलेच.

व्यायामासाठी प्लेअर घेणारा माणूस आधी विचारतो, गाणी किती मावतात. मग विचारतो, आवाज कसा आहे. ही दोन्ही उत्तरं आता जवळजवळ सगळीकडे सारखीच येतात. फरक पडतो तो बटणांत. हातात डंबेल असतं, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत असतो, पायांखाली ट्रेडमिलचा पट्टा पळत असतो. अशा वेळी यंत्राकडे बघावं लागलं की लय गेली, आणि कधी कधी तोलही गेला.

फोन असताना वेगळं यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. भाचीने त्याचं उत्तर स्वतःच दिलं होतं. "मामा, फोन मला लॉकरमध्येच ठेवायचाय. दोन सेटच्या मध्ये गाणं बदलायला उचलते आणि ऑफिसचे मेसेज वाचत बसते." व्हाइटफील्डच्या नोकरीत दिवसभर तेच चाललेलं असतं, निदान व्यायामाची पाऊण तासाची वेळ तरी मोकळी असावी असं तिला वाटतं. त्यात वजनाचीही गोष्ट आहे. आजचा फोन साधारण 200 ग्रॅमचा. दंडाला बांधून पळालं की पाचेक मिनिटांत पट्टा घसरायला लागतो आणि तो हात जरा वेगळा हलायला लागतो. छोटा प्लेअर वीस-पंचवीस ग्रॅमचा असतो, बनियनच्या काठाला लावला तरी जाणवत नाही. मात्र तुमच्या मनगटावरच्या घड्याळात गाणी साठवायची सोय असेल, तर आधी तीच आठवडाभर वापरून बघा. ती जमली तर नवं काही घ्यायची गरज नाही.

बटणांचं महत्त्व एका गाजलेल्या यंत्राच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. ॲपलने आयपॉड शफल आणला जानेवारी 2005 मध्ये. वजन 22 ग्रॅम, पडदा नाही, समोर गोल चकतीवर बटणं. 2006 साली तो आणखी लहान झाला आणि त्याला पाठीमागे चिमटा आला. कपड्याला अडकवायचा प्लेअर म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर आजही जे चित्र येतं, ते बहुतेक याचंच. मग 2009 मध्ये कंपनीने यंत्रावरची गाण्याची बटणं काढून इअरफोनच्या वायरवर दिली. यंत्र देखणं झालं, पण साधा इअरफोन लावला की गाणं बदलता येईना, आवाजही कमी-जास्त करता येईना. वायरवरचं बटण एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर पुढचं, तीनदा दाबलं तर मागचं, असा हिशेब पळताना लक्षात ठेवायचा. 2010 मध्ये बटणं परत आली. त्या शेवटच्या रूपाचं वजन होतं 12.5 ग्रॅम. 27 जुलै 2017 रोजी शफल विक्रीतून गेला आणि 10 मे 2022 रोजी आयपॉड टचही बंद झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेनेही याच कामात नाव मिळवलं. तिच्यातल्या 2009 च्या क्लिप प्लसमध्ये मेमरी कार्डाची खाच होती, लहानसा पडदाही होता. जुन्या वस्तूंच्या बाजारात तो कुठे धडधाकट मिळाला, तर मी आजही घेईन. फक्त बॅटरी किती वेळ टिकते ते बघूनच.

आज दुकानात जे मिळतं, ते ढोबळमानाने तीन घरांतलं असतं. एक, दोन-तीनशे रुपयांचे बिननावाचे चिमटेवाले, पडदा नसलेले. यांना स्वतःची मेमरी नसते, कार्ड आपलं घालायचं. दोन, लहान पडदा आणि बटणं असलेले मधल्या किमतीचे. तीन, शॅनलिंग, फीओ, हायबी अशा चिनी कंपन्यांचे छोटे पण आवाजाच्या शौकिनांसाठी केलेले. यांतल्या बऱ्याच यंत्रांना टचस्क्रीन असतो, आणि घामट बोट टचस्क्रीनवर चालत नाही. घरी बसून ऐकायला ती सुरेख आहेत. व्यायामाला घ्यायचं तर कडेला खरी, दाबायची बटणं आहेत का ते बघावं आणि पडदा बंद असतानाही ती चालतात का हे विचारावं. कानालाच अडकवायचे प्लेअर हा वेगळाच प्रकार, त्याकडे पुढे येतो.

स्वस्त प्लेअरमध्ये एक खोड हमखास सापडते. पुढचं गाणं आणि आवाज वाढवणं ही दोन्ही कामं एकाच बटणावर दिलेली असतात. झटकन दाबलं तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. पहिल्या प्लेअरने भाचीला दगा दिला तो इथेच. आवाजाला स्वतंत्र बटणं असलेला प्लेअर शंभर रुपये जास्त देऊन घेणं परवडतं.

आता आत काय चालतं ते बघू, कारण बाकीच्या निवडी त्यावरून सोप्या होतात. कॅसेटचा वॉकमन 1979 साली आला, तेव्हा आत मोटर होती, फीत फिरत होती. पळताना हिसका बसला की सूर डगमगायचा. सीडीच्या प्लेअरमध्ये हिसक्याने गाणंच तुटायचं. पहिल्या आयपॉडमध्ये, 2001 साली, फिरणारी हार्ड डिस्कच होती. म्हणून त्यात गाण्याचा पुढचा भाग आधीच 32 एमबीच्या मेमरीत काढून ठेवायची सोय केलेली होती. आजच्या छोट्या प्लेअरमध्ये हलणारा भागच नाही. फ्लॅश मेमरीतून आकडे निघतात, एक चिप ते उलगडते, दुसरा भाग त्यांची विजेची लहर करतो, छोटा अँप्लिफायर ती इअरफोनला पुरवतो. कितीही उड्या मारा, गाणं तुटत नाही.

उलगडायचं म्हणजे काय? सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाचे प्रत्येक वाहिनीला 44,100 नमुने असतात. एमपीथ्री करताना, मोठ्या आवाजाआड झाकला जाणारा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही हे धरून तो भाग टाकून दिला जातो आणि उरलेलं गणिताने आवळलं जातं. प्लेअरची चिप तेच गणित उलट सोडवते. या गणिताशी बंगळुरूचं जुनं नातं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे 1985 मध्ये केंद्र काढलं. तिथून बाहेर पडलेल्या श्रीनी राजम आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये इथेच इत्तियम ही कंपनी सुरू केली. आवाज आणि चित्र आवळायचं-उलगडायचं सॉफ्टवेअर हा तिचा मुख्य व्यवसाय. अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये एएसी प्रकारातला आवाज उलगडणारा एक भाग या कंपनीने लिहिलेला आहे. मला या गोष्टीचं अप्रूप आहे: जे गाणं कानात वाजतं, त्याच्या आकडेमोडीचा एक भाग आपल्याच शहरातल्या कुणीतरी बसून लिहिलेला असू शकतो.

गाणी किती मावतात याचा हिशेब सोपा आहे. 192 केबीपीएसची एमपीथ्री फाइल मिनिटाला सुमारे दीड एमबी जागा घेते. पाच मिनिटांचं गाणं सात एमबीच्या आसपास. म्हणजे 32 जीबीच्या कार्डावर चार हजारांवर गाणी. याहून जास्त घेऊ नका, आणि त्याला कारण आहे. स्वस्त आणि जुने प्लेअर कार्ड फॅट32 पद्धतीने मांडलेलं असेल तरच वाचतात. 64 जीबीपासून पुढची कार्डं दुसऱ्या पद्धतीची येतात आणि प्लेअर मुकाट बसून राहतो. दोष कार्डाचा नसतो, प्लेअरचाही नसतो. फ्लॅकसारख्या मोठ्या फाइलींचा आग्रहही इथे सोडावा. जिममधल्या पंख्यांच्या, वजनं आदळण्याच्या आवाजात तो फरक कानाला पोचत नाही.

खरी अडचण येते ती गाणी मिळवताना. दरमहा पैसे भरून ऐकायच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं कुलूपबंद असतं, ते त्या ॲपबाहेर वाजत नाही. प्लेअरला सुटी फाइल लागते. ज्यांच्या घरी सीडी आहेत त्यांची चैन आहे. संगणकाला सीडी ड्राइव्ह जोडायचा, एका बैठकीत दहा-बारा सीडी उतरवून होतात. नाहीतर फाइल विकत देणाऱ्या दुकानातून घ्यायची.

कार्डावर फाइली टाकताना घडणारा एक प्रकार नीट सांगतो, कारण मी एक रविवार त्यात घालवला आहे. अनेक साधे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावत नाहीत, ज्या क्रमाने ती कार्डावर उतरवली त्या क्रमाने लावतात. तीस गाणी एकदम ओढून टाकली की क्रम संगणकाच्या मर्जीचा होतो. त्यामुळे नावाआधी 01, 02, 03 घाला, आणि तरी क्रम चुकला तर कार्ड पुसून एकेक फोल्डर ओळीने टाका. मॅकवरून टाकत असाल तर प्रत्येक गाण्यासोबत एक लपलेली छोटी फाइल जाते, ती वाजवायला जाऊन काही प्लेअर अडकतात. त्या आधी काढून टाकाव्या लागतात. आणि मराठी गाण्यांची नावं देवनागरीत असतील तर लहान पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच भरलेली नसतात. नावं रोमन लिपीत केली की काम भागतं. ती करताना मला दर वेळी वाईट वाटतं, पण चौकोनांच्या ओळीतून अभंग शोधण्यापेक्षा ते बरं.

लांब रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांनी दुकानातच एक गोष्ट तपासावी. पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन असो की तासाभराचा ख्याल, मध्येच प्लेअर बंद करून परत चालू करा. थांबला तिथून लागला तर ठीक. पहिल्यापासून लागला तर तो प्लेअर चालणाऱ्या माणसाच्या कामाचा नाही.

वायर की ब्लूटूथ? इथे जागा बघून ठरवावं लागतं. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या असतात. पाणी या लहरी शोषून घेतं, मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे. प्लेअर उजव्या कमरेला, इअरफोनचा मुख्य भाग डाव्या कानात, की मध्ये अख्खं धड आडवं येतं. जिमच्या खोलीत लहरी भिंतींवर, आरशांवर आपटून वळसा घेऊन पोचतात, म्हणून तिथे काही जाणवत नाही. तोच जोड घेऊन कब्बन पार्कच्या मोकळ्या वाटेवर गेलं की गाणं तुटक तुटक येतं. तिथे परतवायला भिंत नसते. लोक प्लेअर बदलतात. खरं तर तो कमरेवरून काढून इअरफोनचा मुख्य भाग ज्या कानात आहे त्या बाजूच्या खांद्याला, कॉलरला लावला की बहुतेक वेळा भागतं. पोहणाऱ्यांना तर ब्लूटूथ निरुपयोगीच. पाण्याखाली वीतभर अंतरही पार होत नाही. म्हणून पोहण्याच्या प्लेअरमध्ये गाणी कानालगतच्या यंत्रातच साठवलेली असतात. सोनीचा डब्ल्यूएस413 हा असाच, 32 ग्रॅमचा, 4 जीबीचा, समुद्राच्या पाण्यातही चालेल असा केलेला.

मी स्वतः वायरचा आहे. चार्ज करायची एकच वस्तू, आणि जोडणी शोधत बसणं नाही. पण वायर कपड्यावर घासली की कानात धप धप येतं. त्यावर उपाय म्हणजे वायर कानाच्या मागून वळवून घ्यायची आणि सदऱ्याच्या आतून खाली सोडायची.

घामाचं प्रकरण मात्र वायरवाल्यांनी समजून घ्यायला हवं. माझा एक आवडता प्लेअर दोन वर्षांत गेला तो पावसाने नव्हे, घामाने. मानेवरचा घाम वायरवरून ओघळत थेट जॅकच्या भोकात जात होता. घामात मीठ असतं. मीठ, ओल आणि विजेचा अगदी बारीक प्रवाह एकत्र आले की तांब्याचे भाग हिरवे पडून झिजतात. आधी एका कानात खरखर, मग एक कान बंद, मग सगळंच बंद. तेव्हापासून मी प्लेअर जॅक खाली येईल असा उलटा लावतो. वायर खालून निघून वळण घेऊन वर जाते, आणि थेंब त्या वळणाच्या तळाशी येऊन गळून पडतो. घरात वायर आणताना इलेक्ट्रिशियन खिडकीबाहेर असंच वळण सोडतो. खोक्यावर आयपीएक्स4 लिहिलेलं असेल तर यंत्र शिंतोडे सोसतं, आयपीएक्स7 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण या चाचण्या साध्या पाण्यात होतात, घामात नव्हे. व्यायाम झाला की ओल्या कपड्याने आणि मग कोरड्या कपड्याने पुसायला अर्धं मिनिट लागतं.

चार्जिंगची खोच नव्या खरेदीदारांना चकवते. स्वस्त प्लेअरला सी-टाइपचं भोक असतं, तरी घरातल्या नव्या, दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरने तो चार्ज होत नाही. आतला छोटासा रेझिस्टर कंपनीने वाचवलेला असतो, त्यामुळे चार्जर वीज सोडतच नाही. प्लेअर बिघडला असं समजू नका. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली वायर लावा, चालेल. आणि महिनाभर वापरायचा नसेल तर तो पूर्ण रिकामा करून ठेवू नका, अर्धा भरून ठेवा. लिथियमची बॅटरी रिकाम्या पोटी लवकर म्हातारी होते.

गाणी कोणती हे मी सांगणार नाही, पण वेग सांगू शकतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागिओर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यातून दिसतं ते असं: मध्यम जोराच्या व्यायामात मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांचं संगीत श्रम कमी वाटायला मदत करतं, जोर फार वाढला की शरीर स्वतःचंच ऐकायला लागतं आणि गाण्याचा उपयोग कमी होतो. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला 160 ते 180 पडतात, त्याला 80-90 ठोक्यांचं गाणंही चालतं, एका ठोक्याला दोन पावलं. मोजायचं असेल तर पंधरा सेकंद टाळ्या मोजा आणि चारने गुणा. आपल्याला हे शिकवायला नको खरं तर. शाळेच्या मैदानावर हलगी वाजली आणि हातातली लेझीम खळखळली की चाळीस पोरं एका ठेक्यात वाकायची. वाद्य आणि व्यायाम तिथे एकच होते. माझ्या कार्डावर म्हणून ढोल-ताशाचं एक फोल्डर आहे, आणि शेवटी अंग ताणायच्या दहा मिनिटांसाठी एक विलंबित ख्याल.

आवाजाबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तरी चालतो. 90 डेसिबल झाला की आठवड्याला फक्त 4 तास. जिमचे स्पीकर आधीच मोठे असतात, त्यांच्यावर मात करायला आपण आवाज चढवत नेतो. तिथे कान नीट बंद करणारे रबरी टोकांचे इअरफोन घ्या, बाहेरचं अडलं की आतला आवाज आपोआप कमी ठेवता येतो. रस्त्यावर याच्या बरोबर उलट. बंगळुरूत फुटपाथवर दुचाकी चढते, कोपऱ्यावर कुत्री उठतात, मागून बस येते. तिथे कान उघडा ठेवणारे किंवा एकाच कानातले इअरफोन बरे. रविवारी कब्बन पार्कच्या आत वाहनं बंद असतात, तेव्हा मी थोडी मोकळीक घेतो. लालबागच्या फाटकाबाहेर पडलो की एक कान काढतोच. प्लेअर घेताना आवाजाची सगळ्यात खालची पायरीही ऐकून बघा. काही यंत्रांत पहिलीच पायरी इतकी मोठी असते की खाली जायला जागाच उरत नाही.

भाचीने शेवटी तो खळगा असलेला घेतला. दुकानातच तिने तो टी-शर्टच्या काठाला लावून जागच्या जागी वीस उड्या मारल्या, चिमटा सुटला नाही. पुढच्या रविवारी ती लालबागेत भेटली तेव्हा त्याच्या एका बटणावर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा जाड थेंब, वाळून टणक झालेला. "थांबवायचं बटण," ती म्हणाली. "रस्ता ओलांडताना पहिलं तेच लागतं." तिने माझा अंगठा धरून त्या ठिपक्यावर टेकवला, आणि मी दाबल्यावर गाणं थांबलं.